वालावलकरांचं जलवाहन

जुईनगरच्या ‘सागरदर्शन’ सोसायटीतून सागर दिसत नाही. पूर्वी गच्चीवरच्या टाकीवर चढलं की खाडीचा एक करडा तुकडा दिसायचा. आता तिथे दुसऱ्या सोसायटीची टाकी दिसते आणि त्या सोसायटीचं नाव ‘सागरकिनारा’ आहे. बिल्डरला समुद्र आठवतो तो फक्त इमारतीला नाव ठेवताना आणि फ्लॅटचा भाव सांगताना, एवढं मान्य केलं की नवी मुंबईत माणूस सुखाने राहू शकतो. तरीही ‘सागरदर्शन’मध्ये कुणाला समुद्र बघायचाच असेल तर एक जागा होती. सहावा मजला, दिनानाथ वालावलकरांचा हॉल, टीव्हीच्या वर.

तिथे एक फोटो होता. एकोणतीस वर्षांचे दिनानाथ, मागे लाटा, एका हाताने उभा धरलेला सर्फिंगचा बोर्ड, दुसरा हात कमरेवर. मालाची ने-आण करणाऱ्या त्यांच्या कंपनीने त्यांना सहा महिने मंगळूरला पाठवलं होतं, तिथे जवळच्या किनाऱ्यावर पाच रविवार त्यांनी सर्फिंगचे धडे घेतले होते. इथपर्यंत सगळं खरं होतं.

घरी पाहुणा आला की त्याची नजर फोटोकडे जाईल अशा खुर्चीत त्याला बसवलं जायचं. मग दिनानाथ सांगायचे, “लाट अशी मागून येते. आपण बोर्डवर पालथे. ती आपल्याला उचलते, आणि त्याच क्षणी...” इथे ते सोफ्यावरून उठायचे, गुडघे वाकवायचे, हात पसरायचे, “...उभं राहायचं.” नेमक्या याच वेळी त्यांची बायको मीना चहा टाकायला आत जायची. सतरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. लाट आली की चहा यायचा.

खरी गोष्ट अशी की दिनानाथ कधीच उभे राहिले नव्हते. पाच रविवारांत ते गुडघ्यांपर्यंत पोचले होते, सहाव्या रविवारी बदली झाली. फोटो पहिल्या रविवारचा, पाण्यात उतरायच्या आधीचा. बरं, खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलंही नव्हतं. मुलगी बघायला गेले तेव्हा मीनाच्या मामांनी फोटो हातात घेऊन विचारलं, “म्हणजे यावर उभे राहायचात?” दिनानाथांच्या तोंडात पोहे होते. भरल्या तोंडाने ‘नाही, गुडघ्यांवर’ म्हणण्यापेक्षा मान डोलावणं सोपं. माणसं आयुष्यभर ज्या थापा सांभाळत बसतात त्यातल्या निम्म्या अशाच तोंडात घास असताना सुरू झालेल्या असतात. उरलेल्या निम्म्या निवडणुकीच्या अर्जात.

हे सगळं असंच चाललं असतं, पण पंधरा ऑगस्टला सोसायटीचे सेक्रेटरी गोटीराम भोईर यांच्या हातात माइक आला. गोटीराम इथले मूळचे. ही सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती, त्यामुळे आपण सेक्रेटरी नसून यजमान आहोत असं ते धरून चालत, आणि त्यांना चूक म्हणायची कुणाची टाप नव्हती. झेंडा फडकवून झाल्यावर ते म्हणाले, “आपले वालावलकर साहेब समिंदराव उभे र्‍हाऊन चालायचे. आपल्या सोसायटीत अशी मानसा हायेत आन आपन त्यांच्याकडून फकस्त मेंटेनन्स घेतो.”

टाळ्या पडल्या. दिनानाथांची दहावीतली मुलगी अस्मिता सगळ्यांसमोर म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला असं उभं राहिलेलं कधी बघितलंच नाही. उरणला जाऊया ना.”

“बोर्ड नाही गं,” दिनानाथ म्हणाले. “बोर्ड असता तर आज दुपारीच गेलो असतो.”

हे वाक्य शेजारच्या फ्लॅटमधल्या केयूर दामलेने ऐकलं. केयूर आयटीत आहे. त्याला स्वतःचं मत नसतं, मोबाइल असतो. चार मिनिटांत त्याने कामोठ्यात जुना बोर्ड शोधला, फोन लावला, संध्याकाळची वेळ घेतली आणि “काका, तुमचं काम झालं” असं म्हणून दिनानाथांच्या पाठीवर थाप मारली. मदत करणाऱ्या शेजाऱ्यापासून वाचवणारा कायदा या देशात अजून झालेला नाही.

कामोठ्याच्या त्या घरातल्या तरुणाने गोव्याहून येऊन उत्साहात बोर्ड घेतला होता आणि पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेल्यावर गॅलरीत टाकला होता. त्याची आई तेव्हापासून त्यावर पापड वाळत घालत होती. नऊ फुटांचा, निळा, वरून फोमचा मऊ बोर्ड. त्याला जिऱ्याचा आणि पापडखाराचा वास येत होता. “उन्हाळ्यात लागला तर मागायला येऊ का?” असं त्या बाईंनी दारापर्यंत येऊन विचारलं. दिनानाथ हो म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या मनात तोच एक आशेचा किरण होता.

‘सागरदर्शन’च्या गेटवर राहीबाई सुरक्षेला असतात. त्यांनी टेम्पो अडवला, वही काढली. वहीत रकाने होते: नाव, फ्लॅट, वाहन, क्रमांक.

“ह्ये काय म्हनून लिवू?”

“काही लिहू नका. खेळायची वस्तू आहे.”

“नऊ फुटाची?” राहीबाई म्हणाल्या आणि लिहिलं, ‘होडी, एक, बिननंबरी.’

लिफ्टमध्ये बोर्ड मावला नाही. मग जिना. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की वर दिनानाथ, खाली केयूर आणि मध्ये बोर्ड, आणि केयूरला आपल्या घरी जाता येईना, दिनानाथांना बोर्ड सोडता येईना. चाळीस मिनिटं अख्खी सोसायटी वरून आणि खालून सल्ले देत होती. तिरका करा. उभा करा. साबण लावा. पाचव्या मजल्यावरच्या सुनयनाताई म्हणाल्या, “आमच्या वेळी कपाट असंच अडकलं होतं, शेवटी कपाट कापलं.” कापायचं म्हटल्यावर दिनानाथांनी जे बळ लावलं त्याने बोर्ड सुटला आणि केयूरला घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सोसायटीत त्या बोर्डने केलेलं पहिलं सर्फिंग ते.

शेवटी बोर्ड खाली पार्किंगमध्ये दिनानाथांच्या गाडीशेजारी उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी पत्र आलं. ‘विषय: आपल्या जलवाहनाबाबत.’ सदर जलवाहन सामाईक जागेत विनापरवाना उभे असून उपविधीत होडीची तरतूद नाही, सबब ते वाहन समजण्यात येत आहे, तरी स्टिकर लावून घ्यावा, आणि संबंधित खात्याचा ना हरकत दाखला जोडावा.

उपविधीत तरतूद नसली की आपली माणसं थांबत नाहीत, जवळच्या तरतुदीत कोंबतात. दिनानाथ एक दिवस रजा टाकून संबंधित खातं शोधायला निघाले. पहिल्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, “इंजिन आहे?” नाही. “वल्हं आहे?” नाही. “मग ही होडी नाही. खेळाच्या कचेरीत जा.” खेळाच्या कचेरीतल्या बाईंनी वय विचारलं, अठ्ठेचाळीस ऐकून चष्मा काढला आणि म्हणाल्या, “खेळाडू कोण? मुलगा का?” परत पहिल्या कचेरीत. तिथल्या कारकुनाने शेवटी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं, ‘सदर वस्तू होडी नसल्याचे अर्जदार सांगतात.’ त्यावर गोल शिक्का मारला. हा कागद गोटीरामांनी फाइलला लावला आणि स्टिकर दिला. होडी नाही असा सरकारी कागद जोडून एका गोष्टीला वाहन ठरवणारी ही भारतातली पहिली सोसायटी नसेल, पण वरच्या पाचांत नक्की असेल.

इकडे अख्ख्या सोसायटीची उरणची सहल ठरली आणि दिनानाथांची पहाटेची प्रॅक्टिस सुरू झाली. घरच्या पलंगावर पालथं झोपायचं, एक-दोन-तीन म्हणून हातांवर जोर द्यायचा आणि उडी मारून उभं राहायचं. ‘एक-दोन’पर्यंत जमायचं. तिसऱ्याला गुडघे पुढे यायचे आणि तिथेच बसकण मारायचे. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे गाडी थांबली होती तिथेच ती अजून उभी होती, वर आता पंधरा किलो सामान जास्त. चौथ्या दिवशी पलंगाची फळी गेली. पाचव्या दिवशी खालच्या सुनयनाताई तेलाची बाटली घेऊन आल्या आणि मीनाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “रोज सकाळी पडतात का गं हे? गुडघ्याला चोळ. लाजायचं काय त्यात.”

मीना तेल ठेवून घ्यायची, फळी बदलून घ्यायची, काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं दिनानाथांना वाटायचं. बायको गप्प बसली की माणसाला आपले सगळे गुन्हे तारखेनिशी आठवतात.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला ‘सागरदर्शन’मध्ये पार्किंगमधल्या सगळ्या वाहनांची एकत्र पूजा होते. गोटीराम पुढे, हार घेतलेली बाई मागे, त्यांच्यामागे रंगाचा डबा घेतलेला पेंटर. कुंकू आठ दिवसांत उडून जातं म्हणून नव्या वाहनावर ऑइलपेंटने काढायचं, ही गोटीरामांची पद्धत. दिनानाथ आंघोळ करून खाली येईपर्यंत पूजा झाली होती. बोर्डवर स्टिकर होता, म्हणजे ते वाहन होतं, आणि नवीन होतं. निळ्या फोमवर झेंडूचा हार होता. टोकाला स्वस्तिक. आणि त्याखाली, बरोबर मधोमध, जिथे उभं राहताना दोन्ही पाय टेकतात तिथे, लाल रंगात हातभर अक्षरं: ‘आई एकविरा प्रसन्न’.

“पक्का रंग हाय,” गोटीराम म्हणाले. “खाऱ्या पान्यात पन जायाचा नाय.”

दिनानाथांनी त्या अक्षरांकडे बघितलं. मग चप्पल काढून हात जोडले. गोटीरामांना वाटलं साहेब भक्तिभावाने गहिवरले. गहिवरले होतेच. या बोर्डवर आता कुणीही पाय ठेवू शकणार नव्हतं. देवीच्या नावावर उभं राहायचं? अख्ख्या नवी मुंबईत कुणाची हिंमत होती? फोटो वाचला होता, लाट वाचली होती, सतरा वर्षांचा चहा वाचला होता. आई एकविरा खरोखरच प्रसन्न झाली होती.

“गोटीरामशेठ,” दिनानाथ जड आवाजात म्हणाले, “आता मी यावर पाय कसा ठेवू?”

गोटीरामांचा चेहरा पडला. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री एकशे चाळीस मेसेज आले. टर्पेंटाइनने पुसा, असं एकाने सुचवलं. आईचं नाव पुसणार कोण, असं दुसऱ्याने विचारलं, आणि पुसणारा कुणी निघेना. केयूरने पायमोज्यांचा पर्याय मांडला. देवळात पायमोजे चालतात का यावर पंचवीस मेसेज गेले. दिनानाथांनी एवढंच लिहिलं, ‘श्रद्धेपुढे खेळ मोठा नाही.’ त्याला बेचाळीस जणांनी हात जोडले.

पण सहल ठरली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी उरण, मिनी बस, माणशी वर्गणी गोळा झालेली. मराठी माणूस एक वेळ धर्म सोडेल, भरलेली वर्गणी सोडणार नाही. “तुमी त्याव पालथं झोपून तरी दाखवा,” गोटीराम म्हणाले. “नायतर नुसतं फोटो काढू.” दिनानाथ आनंदाने बसमध्ये चढले. बोर्ड टपावर, हार तसाच.

गोटीरामांनी मुहूर्त काढला होता सकाळी सातचा. मुहूर्ताला सगळे किनाऱ्यावर हजर होते, समुद्र नव्हता. तो लांब आत गेला होता आणि मध्ये चिखल आणि खडक होते. पस्तीस माणसं हातात मोबाइल धरून चिखलाकडे बघत उभी राहिली. ज्याचे आजोबा भरती-ओहोटीवर शेत राखायचे त्या माणसाने पंचांग बघितलं आणि भरती बघायची विसरला. फ्लॅटमध्ये राहून माणसाचं हे असं होतं.

गोटीरामांची आत्या, पुतळाबाई, किनाऱ्यालगतच राहते. सत्तरी ओलांडलेली, अजून मासळी विकते. ती कमरेवर हात ठेवून आली. “गोट्या, भरती आकराला हाय. सात वाजता काय चिखलान् पवाया आनलीस मानसा?” सेक्रेटरींना गोट्या म्हणणारं माणूस सोसायटीने पहिल्यांदा बघितलं, आणि सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

तिच्या अंगणात चार तास गेले. पाणी हळूहळू वर आलं, लाटा यायला लागल्या. फार मोठ्या नाहीत, मांडीएवढ्या. दिनानाथ बोर्डशेजारी विरक्त चेहऱ्याने बसले होते. पुतळाबाईने विचारलं, “तू का नाय जात रं पान्यान्?”

दिनानाथांनी अक्षरांवर बोट ठेवलं. “मावशी, आईच्या नावावर पाय कसा द्यायचा?”

पुतळाबाई वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण घरच्या होडीवर रोज बघितलेली ती अक्षरं तिच्या ओळखीची होती. “आमचे होरीव पन ह्याच नाव हाय,” ती म्हणाली. “त्याच होरीन् माजा नवरा उभा र्‍हायचा, जेवाचा, झोपाचा. आरं, आयेच्या मांडीव प्वार नाचतं, तवा तिला पाय लागत नाय काय? ती काय पोलिसान् जाते? पाया पड न् जा.”

गोटीराम म्हणाले, “आत्या बोलते ते बराबर हाय.” बसमधली माणसं उठली. केयूरने कॅमेरा चालू केला. एका निरक्षर म्हातारीने बेचाळीस जोडलेले हात एका दमात सोडवले होते आणि दिनानाथांचा सगळा धर्म वाळूत पडला होता.

अस्मिता बोर्डचं एक टोक उचलून पाण्याकडे निघालीसुद्धा. मीना दोरी घेऊन आली, ती बोर्डची दोरी पायाला बांधायची असते. ती वाकून गाठ मारत होती तेव्हा दिनानाथ हळूच म्हणाले, “मीना, मी तेव्हा उभा राहिलो नव्हतो. गुडघ्यांवरच होतो.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“बघायला आलात त्या दिवसापासून. फोटोत केस कोरडे आहेत. भांग पाडलेला आहे. हातात घड्याळ आहे, ते तर तुम्ही तोंड धुताना पण काढून ठेवता.” तिने गाठ आवळली. “मामांना कळलं नाही. मला पोह्यांवरून कळलं, तुम्ही चावायचे थांबला होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“चहा टाकत होते,” मीना म्हणाली. “जा आता. भरती उतरेल.”

दिनानाथ बोर्डच्या पाया पडले आणि पाण्यात शिरले. पुढच्या पाऊण तासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण ते सगळं सारखंच होतं. पालथे, लाट, एक, दोन, आणि पाणी नाकात. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा बोर्ड वर आणि ते खाली. पोट खरचटलं. चष्म्याशिवाय लाट आणि अस्मिता यांतला फरक कळेना. पोरगी मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बोर्ड धरत होती आणि दर वेळी म्हणत होती, “परत, बाबा.” किनाऱ्यावर पहिल्या दहा पडण्यांना हशा झाला, पुढच्या दहांना सहानुभूती, आणि त्यानंतर पुतळाबाईच्या चुलीवर तळलेले बोंबील आले.

इथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. नवरात्राचे नऊ दिवस ही सगळी माणसं साबुदाण्यावर होती. दसऱ्याला श्रीखंड. त्यानंतरचा पहिला रविवार, तांदळाची भाकरी आणि कढईतून निघालेला बोंबील. अशा वेळी समुद्रातून प्रत्यक्ष देव बाहेर आला असता तरी लोकांनी त्याला म्हटलं असतं, बसा, दुसऱ्या पंगतीला. सगळ्या पंगतीने समुद्राकडे पाठ केली. कॅमेरा ठेवून केयूरने ताट घेतलं. अस्मितालाही हाक आली आणि पंधरा वर्षांची भूक म्हणजे भूकच, “बाबा, दोन मिनिटांत येते” म्हणून ती गेली.

दिनानाथ एकटे उरले. बघायला कुणी नव्हतं, दाखवायचं काही नव्हतं, खोटं टिकवायचं नव्हतं. मागून लाट आली. बोर्ड उचलला गेला. एक, दोन, आणि गुडघे या वेळी थांबले नाहीत. पायांखाली ऑइलपेंटची खरखरीत अक्षरं लागली. दिनानाथ वालावलकर उभे होते. पाणी त्यांच्या खालून पळत होतं आणि ते त्यावर उभे होते, हात पसरून, अगदी हॉलमध्ये उभे राहायचे तसे.

मग त्यांनी कुणी बघितलं का हे बघायला मान वळवली, आणि पडले.

“उभा राहिलो,” असं सांगत बाहेर आले तेव्हा सगळ्यांची तोंडं भरलेली होती. “कोनी बघितला काय?” गोटीरामांनी विचारलं. कुणी हो म्हटलं नाही. “असू दे साहेब, दोन बोंबील घ्या.” दिनानाथांनी घेतले.

परतताना बसमध्ये मीना शेजारी बसली होती. खिडकीबाहेर कंटेनरच्या रांगा जात होत्या. मग ती म्हणाली, “दोन सेकंद.”

“काय?”

“मी मोजले. फोटो नाही काढला, मोबाइल तुमच्या टॉवेलखाली होता.”

दिवाळीत गोटीराम फराळाला आले, सोबत त्यांचे व्याही. व्याह्यांना बरोबर त्या खुर्चीत बसवलं गेलं आणि त्यांची नजर बरोबर फोटोवर गेली. “सांगा साहेब, ती लाट सांगा,” गोटीराम म्हणाले.

दिनानाथांनी चकलीचा तुकडा आधी नीट चावून गिळला. “हा फोटो पाण्यात उतरायच्या आधीचा आहे. केस बघा, कोरडे आहेत. मंगळूरला मी गुडघ्यांच्या वर गेलो नव्हतो. उरणला उभा राहिलो. दोन सेकंद.”

गोटीराम हसले. मंगळूरची लाट त्यांनी सतरा वर्षं विश्वासाने ऐकली होती, उरणची काही पटेना. “उरनला कोनीच नाय बघितला, साहेब. आमी समदी तितंच होतो की.”

दिनानाथ सोफ्यावरून उठले. गुडघे वाकवले, हात पसरले. “लाट अशी मागून येते...”

मीना सवयीने उठली होती, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली होती. तिथून ती परत फिरली आणि खुर्ची ओढून समोर बसली. “मी बघितलं,” ती म्हणाली. “सांगा, पुढे सांगा.”

दिनानाथांनी सांगितलं. दोन सेकंदांची गोष्ट त्यांनी पाऊण तास सांगितली आणि मीना एकदाही उठली नाही. गोटीराम आणि त्यांचे व्याही चहाची वाट बघून बघून शेवटी पाणी पिऊन गेले.